उरलेले फोटो

दक्षिण आफ्रिकेतल्या लेनेशियात मी ज्या काकांच्या घरी भाड्याने राहायचे, त्यांनी उमेदीची वर्षं एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली होती. मूळ सुरतेकडचं, जन्म जोहान्सबर्गच्या फीटास वस्तीतला. वंशानुसार वस्त्या पाडणाऱ्या १९५०च्या कायद्याने फीटासमधल्या हिंदी लोकांना उठवून इथे, सोवेटोच्या शेजारी आणून टाकलं. काका गुजरातीत बोलायचे आणि मी मुंबईची, त्यामुळे कुठे अडलं नाही.

जेवणं झाली की टेबलावरचा पाव उचलून ते पीटर मगुबानेंची गोष्ट काढायचे. मगुबाने ‘ड्रम’ मासिकाचे फोटोग्राफर. पन्नासच्या दशकात झीरस्टच्या काळ्या बायकांनी सक्तीचे ओळखपास बाळगायला नकार दिला, खटले उभे राहिले, फोटोंना मनाई झाली. मगुबानेंनी पाव आतून पोखरला, त्यात लायका कॅमेरा बसवला आणि खाल्ल्यासारखं करत फोटो काढले. पाव संपला तेव्हा दुधाचा रिकामा खोका घेतला. “काळा माणूस रस्त्यात पाव खातोय म्हटल्यावर पोलीस वळूनही बघत नाही, दीकरी. कॅमेरा दिसला की संपलं.” पुढे तेच मगुबाने ५८६ दिवस एकांतकोठडीत होते, आणि सुटल्यावर पाच वर्षं फोटो काढायलाच बंदी. हे सांगताना काका पाव खाली ठेवायचे.

१६ जून १९७६चा सोवेटोतला धूर त्यांनी आपल्या अंगणातून पाहिला होता. आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती नको म्हणून शाळकरी पोरं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन पडला. म्बुयिसा मखुबोने त्याला उचललं, हेक्टरची बहीण शेजारून धावत होती. ‘द वर्ल्ड’ वर्तमानपत्राचे फोटोग्राफर सॅम न्झिमा समोर होते. त्यांनी फ्रेम घेतल्या आणि रोल काढून मोज्यात खुपसला. पोलिसांनी कॅमेरे उघडायला लावून उरलेल्या फिल्मवर उजेड पाडला. मोजा कुणी तपासला नाही. तो फोटो जगभर छापला गेला.

त्याची किंमत मात्र फोटोतल्यांनी आणि काढणाऱ्याने मोजली. न्झिमांना नोकरी सोडून गावी लपावं लागलं. फोटोचे हक्क हातात यायला १९९८ उजाडलं. पोलीस मागे लागल्याने मखुबो देशाबाहेर पळाला. १९७८मध्ये त्याच्या आईला नायजेरियाहून एक पत्र आलं, पुढे काहीच नाही.

डार्करूमचं काम काका मला डोळे मिटून दाखवायचे. कात्रीने फिल्मचं टोक तिरकं कापायचं, अंगठ्याने चाचपत ती रिळावर चढवायची. दोन वेढे एकमेकांना चिकटले तर तेवढ्या जागी दुधाळ डाग राहतो आणि तिथला चेहरा कायमचा गेला. मला या कामाचं फार अप्रूप वाटायचं. चौकातल्या धावपळीबद्दल सगळेच लिहितात, पण हा अंधारातला अंगठा कुणाच्या लक्षात येत नाही.

सोवेटोतल्या पोरांना फोटो नको होते, कारण पोलीस त्यातूनच चेहरे हुडकायचे. मगुबानेंनी त्यांची समजूत काढली, की ज्या लढ्याची नोंद नाही तो लढाच नव्हे. काकांना हे निम्मंच पटलेलं. १९८४ साली हिंदी आणि मिश्रवर्णीयांसाठी वेगळी सभागृहं काढून काळ्या बहुसंख्येला बाहेर ठेवण्यात आलं, तेव्हा लेनेशियात मतदानावर बहिष्काराच्या सभा झाल्या. काकांनी त्यांचे रोल धुतले होते. १९८५मध्ये आणीबाणी आली, नोव्हेंबरमध्ये तर अशांत भागांत फोटो काढण्यावरच निर्बंध आले. एका रात्री काकांनी परसात पत्र्याच्या डब्यात त्या सभांच्या निगेटिव्ह घालून पेटवल्या. फिल्म धड जळत नाही. आधी आक्रसते, वितळते आणि घाण वास सोडते. शेजाऱ्यांना संशय नको म्हणून वर वांगी भाजली.

आज संग्रहालयांत भिंतभर लागलेले फोटो बघताना मला वाटतं, हे त्या लढ्याचे उरलेले फोटो. मोज्यातून, पावातून सुटले तेवढे. डब्यात गेले त्यांचा हिशेब नाही. काकांना मात्र त्याची खंत नव्हती. “त्यातला एकही पोरगा माझ्या फोटोमुळे आत गेला नाही.”

काकींचं मत वेगळं. सभेत फलक धरून त्या पहिल्या रांगेत होत्या. “गेला नाही ते बरंच झालं,” त्या ताटं उचलता उचलता म्हणायच्या, “पण माझा जन्मात एकच फोटो धड आला होता. तोही तुम्ही वांग्याखाली जाळलात.”