बेलीफ फार्महाउस

इंग्लंडमधील मध्ययुगीन लाकडी शेतघर. मूळ जागा केंट परगण्यातील चिडिंगस्टोन गावाच्या हद्दीत, बाउ बीच येथे. सध्या पश्चिम ससेक्समधील सिंगलटनच्या ‘वील्ड अँड डाउनलँड’ खुल्या संग्रहालयात. बाउ बीच येथे पाणीपुरवठ्यासाठी जलाशय बांधायचे ठरले, तेव्हा बुडीत क्षेत्रात आलेले हे घर 1968–69 मध्ये लाकूड लाकूड वेगळे करून हलवले गेले आणि 1972 मध्ये पुन्हा उभे राहिले. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले हे संग्रहालय त्या वेळी नुकतेच लोकांसाठी खुले झाले होते.

घर एका वेळी बांधलेले नाही. मधले दालन आणि त्याला लागून असलेला कोठीचा भाग 1405 ते 1430 च्या दरम्यानचा आहे. दुसऱ्या टोकाच्या, घरधन्याच्या खाजगी खोल्या 1505 ते 1510 च्या सुमारास बांधल्या गेल्या. दोहोंमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे, पण बाहेरून पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण नंतरच्या सुतारांनी जुन्याच नमुन्याचा मान राखला.

हा नमुना ‘वील्डन’ घर म्हणून ओळखला जातो आणि तो प्रामुख्याने केंट व पूर्व ससेक्समध्ये आढळतो. दोन्ही टोकांना दोन मजले असून वरचा मजला दर्शनी बाजूला खालच्या भिंतीच्या पुढे येतो. मधल्या दालनाला मजलाच नसल्यामुळे त्याची भिंत आत राहते. तरीही छप्पर सगळ्या घरावर एकच; म्हणून दालनासमोर वळचण अधांतरी राहते आणि तिला वक्राकार लाकडी धिरे आधार देतात. या प्रकारच्या घराचा रुबाब खरा तेथेच आहे.

वील्ड हा चिकणमातीचा आणि ओकच्या रानांचा मुलूख, तेव्हा सांगाडा ओकचाच. ताजे, ओले लाकूड घडवायला सोपे जाते म्हणून तेच वापरीत. खाचेत कुसू बसवून लाकडी खुंट्या ठोकल्या की सांधा पक्का होई. जुळणीत चूक होऊ नये म्हणून सुतार सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरीत. खांबांमधल्या भिंती कुडाच्या: विणलेल्या काटक्यांवर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गिलावा. कोकणातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. छपराची रचना मात्र आपल्याकडची नव्हे. शेंड्याला आढे नाही. आडव्या तुळईच्या मध्यावर एक खांब उभा असतो, त्याच्या माथ्यावरून घराच्या लांबीने दुसरी तुळई जाते आणि वाशांच्या जोड्या बांधणारी आडवी लाकडे तिच्यावर टेकतात.

दालन वाशांपर्यंत उघडे आहे. जमिनीवर मध्यभागी आगटी, धुराडे नाही. धूर वर चढून छपरातल्या फटींतून वाट काढी. अशा घरांतील वाशांवर बसलेली काजळी आज अभ्यासकाला मोठा पुरावा ठरते, कारण मागाहून माडी घातली तरी वरची काजळी दालन पूर्वी उघडे होते हे सांगते. उंच खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि झडपा आहेत. घरधनी वरच्या टोकाला बसे. खालच्या टोकाला समोरासमोर दोन दारे आणि त्यांमधली आरपार वाट. तिच्या पलीकडे पेयांची व खाद्यांची अशा दोन कोठ्या. घरधन्याच्या वरच्या खोलीला भिंतीबाहेर काढलेला शौचकूपही आहे.

पुढच्या शतकांत केंटमधल्या अशा बहुतेक घरांचे जे झाले तेच बेलीफचेही झाले: विटांचे धुराडे आले, उघड्या दालनात माडी पडली आणि धुराच्या जागी खोल्या मिळाल्या. संग्रहालयाने हे नंतरचे काम पुन्हा उभारले नाही. हरवलेल्या लाकडांच्या जागी, उरलेल्या खाचा व खुंट्यांची भोके वाचून, नवे ओक बसवले. पुढे सुमारे 1540 चा काळ धरून घरात प्रतिकृतींचे सामान मांडले, भोवती भाजीचा वाफा व फळबाग लावली आणि काउफोल्ड येथून आणलेले 1536 चे धान्यकोठार शेजारी उभे केले.

या निवडीने मध्ययुगीन दालन जितके स्पष्ट दिसते तितके जागेवर राहिलेल्या घरांत क्वचितच दिसते. पण किंमतही मोजावी लागली. ज्या बदलांमुळे हे घर विसाव्या शतकापर्यंत राहते राहिले, तेच येथे गाळले गेले. चिकणमातीच्या मुलखातले घर आता खडूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी आहे. म्हणून ते अस्सल अवशेष नव्हे, तर अस्सल लाकडांतून काळजीपूर्वक मांडलेला तर्क मानावा. असे तर्क बदलतातही. त्याच जलाशयामुळे हलवलेले विंकहर्स्ट येथील छोटे बांधकाम आधी स्वतंत्र घर म्हणून उभारले गेले होते. नंतरच्या अभ्यासात ते मोठ्या घराचे वेगळे स्वयंपाकघर असावे असे दिसले, तेव्हा संग्रहालयाने ते उतरवून त्या रूपात पुन्हा बांधले.