सांधा, कीट आणि कोन



लोखंड तोडायला ताकद लागते. लोखंडाला लोखंड जोडायला मात्र अक्कल लागते. हे जोडकाम माणूस कसकसा शिकत आला, त्याची हकीकत आज आपण पाहणार आहोत. हकीकत इतिहासाची आहे खरी, पण तिचे शेवटचे टोक आपल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपाशी येऊन पोचते. म्हणून ती सगळ्यांच्याच कामाची आहे.

परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी लागते. बोरीच काय, आपल्याकडच्या अशा कोणत्याही मोठ्या गावी वेल्डिंगचे दुकान असतेच. तिथला निळसर लखलखाट नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, हे आपण पोरांना सांगतोच. पण काळ्या काचेआडून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. कसलेला कारागीर हातातला रॉड अगदी सरळ उभा धरत नाही आणि फार आडवाही पाडत नाही. तो थोडा कलता धरतो, आणि काम संपेतो तो कल सोडत नाही. हा कल कशासाठी? याचे उत्तर हवे असेल तर आधी जुन्या लोहाराच्या भात्यापाशी जाऊन बसले पाहिजे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची, म्हणजे लोखंडाच्या पट्टीची दोन टोके एकजीव करून तिचे कडे करायचे. तेव्हा वीज नव्हती, रॉड नव्हता. लोहार ती टोके ठोकून तिरपी करी, भट्टीत पांढरी होईतो तापवी, त्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकी, आणि एकावर एक ठेवून घाव घाली. आता वाळू कशाला, असे कुणी विचारील. तर असे पाहा. तापल्या लोखंडाला हवा लागली की त्यावर पापुद्रा धरतो. पापुद्रा मध्ये राहिला तर लोखंड लोखंडाला भिडत नाही. वाळू आणि टाकणखार त्या पापुद्र्याला विरघळवून त्याचे पातळ कीट करतात, आणि घाव बसला की ते कीट ठिणग्यांबरोबर बाहेर उडते. टोके मधे किंचित फुगीर ठेवायची तीही याचसाठी. मधला भाग आधी टेकला म्हणजे कीटाला कडेने निसटायला वाट राहते. कीट आत कोंडले, की सांधा कच्चा. हे सूत्र आमच्या लोहारांना आणि गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

या विद्येची झेप लहान नव्हती. दिल्लीचा लोहस्तंभ गुप्तकाळातला, म्हणजे सुमारे १६०० वर्षांपूर्वीचा. उंची ७ मीटरच्या वर, वजन ६ टनांहून अधिक. तो ओतीव नाही. तापल्या लोखंडाचे गोळे एकमेकांवर ठोकून, जोडून तो घडवला आहे. विजापूरच्या तटावरची लांडा कसाब तोफही अशीच लोखंड तापवून, जोडून केलेली. पण घणाने जोडायचे तर वस्तू आधी भट्टीत तापली पाहिजे. जहाज किंवा मोठा बॉयलर भट्टीत कसा घालणार? म्हणून पत्र्यांना भोके पाडून रिव्हेट ठोकण्याची चाल पडली.

पुढे विजेचा काळ आला. रशियातील निकोलाय बेनार्दोस यांनी १८८१ च्या सुमारास कोळशाची कांडी आणि लोखंड यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवून लोखंड वितळवले. १८८८ मध्ये त्यांच्याच देशातील स्लाव्यानोव्ह यांनी कोळशाऐवजी धातूचीच कांडी घेतली. ती स्वतः वितळून सांध्यात भरे. मोठीच सोय झाली. पण लोहाराला पडलेली अडचण इथेही दत्त म्हणून उभी राहिली. कांडी उघडी होती. वितळलेल्या धातूत हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शिरे आणि सांधा ठिसूळ होई.

यावर तोड काढली स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी. १९०४ मध्ये त्यांनी गॉटेनबर्ग येथे कंपनी काढली आणि १९०७ च्या सुमारास कांडीला खनिजांचा लेप देण्याचे पेटंट घेतले. आपण ज्याला वेल्डिंगचा रॉड म्हणतो तो हाच. लेप जळून त्याचा वायू होतो, तो हवेला दूर ठेवतो. उरलेला लेप वितळतो आणि दुधावर साय यावी तसा गरम धातूवर पसरतो. गंमत अशी, की पुढे या लेपांत गारगोटीसारखी द्रव्येही आली. म्हणजे लोहाराची मूठभर वाळूच रॉडच्या अंगावर येऊन बसली म्हणा ना!

आणि इथेच कोनाचा प्रश्न उभा राहिला. लोहाराजवळ कीट उडवायला घण होता. वेल्डरजवळ घण नाही. त्याच्याजवळ आहे विजेच्या ज्योतीचा जोर, आणि तो जोर रॉडचे टोक जिकडे रोखलेले असेल तिकडे जातो. सपाट कामात रॉडचा होल्डरकडचा भाग पुढे, जायच्या दिशेला, कललेला असावा आणि टोक मागच्या वितळल्या धातूकडे रोखलेले असावे. पत्र्याशी कोन साधारण ७० ते ८० अंश. असे धरले की ज्योत कीटाला मागे रेटते आणि ते धातूवर तरंगत राहते. रॉड उलटा कलला तर कीट ज्योतीच्या पुढे पळते, त्यावर धातू पडतो आणि कीट आत गाडले जाते. रॉड फारच आडवा पडला तर ज्योत खोल शिरत नाही, शिंतोडे उडतात, सांधा वर उंच आणि आत पोकळ.

दुसरा कोन डाव्या-उजव्या बाजूचा. एका पत्र्यावर दुसरा काटकोनात उभा जोडायचा असेल तर रॉड दोहोंच्या मधोमध, ४५ अंशांवर हवा. तो उभ्या पत्र्याकडे झुकला तर त्यावर खाच पडते आणि आडव्याला धातू नुसता चिकटतो. एक पत्रा जाड, एक पातळ असला तर ज्योत जाडाकडे जास्त रोखावी, कारण त्याला तापायला वेळ लागतो. खालून वर जाणाऱ्या उभ्या सांध्यात रॉडचे टोक किंचित वर रोखायचे, म्हणजे धातू खाली ओघळत नाही. कोन म्हणजेच सर्व काही, असे मात्र नाही. करंट बेताचा हवा, ज्योतीची लांबी रॉडच्या तारेच्या जाडीइतकी हवी, रॉड कोरडा हवा आणि पत्रा गंज-तेलापासून मोकळा हवा.

सांध्यातल्या दोषाची किंमत काय पडते, ते जगाने १९४३ मध्ये पाहिले. १६ जानेवारीला अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज, वादळ नाही, लाट नाही, धक्क्याला उभे असताना मोठा आवाज होऊन मधोमध फाटले. चौकशीत वेल्डिंगमधले दोष पुढे आले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद हेही त्या काळच्या अशा अपघातांचे मोठे कारण होते, हे पुढे कळले. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या कडेपाशी थांबायची. वेल्ड केलेले जहाज एकसंध, त्यामुळे चीर पार पलीकडे धावली.

आपल्याकडे हे तंत्र स्वातंत्र्यानंतर फोफावले. १९५० मध्ये भारत सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५१ मध्ये मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही रॉड बनवणारी कंपनी स्थापन झाली. १९६० मध्ये राज्याचे विद्युत मंडळ आले. १९६८ मध्ये आपल्याच जिंतूर तालुक्यात पूर्णेवरचे येलदरी धरण पुरे झाले आणि तिथे वीजही होऊ लागली. खेड्यात वीज आली, तिच्यामागून वेल्डिंगचे दुकान आले, आणि धाव बसवणाऱ्या लोहाराची भट्टी हळूहळू विझत गेली.

आता तुमच्या-आमच्या कामाचे. ट्रॉलीचा हुक तुटला तर भरली ट्रॉली मागे सुटते, आणि तिच्यामागे कुणाचे तरी लेकरू सायकलवर असते. म्हणून सांधा करून घेताना घाई करू नका, आणि दोन रॉड वाचवण्यासाठी घासाघीस करू नका. एकावर एक थर द्यायचे असतील तर प्रत्येक थरानंतर कीट हातोडीने पाडून तारेच्या ब्रशने घासायला सांगा. रंग देण्याआधी सांधा पाहा. कडेला खाच आहे का, भोके आहेत का, दोन्ही बाजू सारख्या धरल्या आहेत का? आत गाडलेले कीट डोळ्यांना दिसत नाही. त्याबाबतीत सगळा भरवसा कारागिराच्या हातावर. असा हात ज्याला आहे, त्याला त्याच्या कामाचे दाम द्यावे.

गुरुजनहो, कोनमापक घेऊन ४५ आणि ७५ अंश फळ्यावर काढता, तेव्हा एखादी पेन्सिल तशी कलती धरून मुलांना दाखवा. त्यांतला एखादा उद्या होल्डर हाती धरील. कोन हा भूमितीच्या पुस्तकाबाहेर कुणाचा जीव सांभाळतो, हे त्याला आजच कळू द्या.