पर्वतीखालची लंका

मेहकरला पैनगंगेच्या काठी दिवाळीत बाण सोडला, की पाण्यातही एक उडतो. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचे तळे होते. नावेत बसून ते त्यात विहार करीत. १७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले. कोट्याच्या दिवाळीतली दारूची लंका त्यांनी सवाई माधवरावांना अशी रंगवून सांगितली, की त्यांना ती हवीच झाली! बखर सांगते, थोड्याच दिवसांत ती पर्वतीपाशी उभी राहिली. दारूचेच राक्षस, दारूचीच वानरे, अन् एक थोरला मारुती. शेपटीला बत्ती देताच तो उडाला आणि लंकेची घरे पेटत गेली. बघायला पुणे लोटले होते. (गुरुजी, लंकादहन शिकवताना मुलांना हे सांगाच.) पेशवे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. १७९४च्या फेब्रुवारीत महादजी वारले, १७९५च्या ऑक्टोबरात पेशवेही गेले. तळे पुढे बुजवले. तिथे आता सारसबाग आहे.