मांडलेले दुकान

मराठीत दुकान रोज सकाळी उघडतात, पण धंद्याला सुरुवात करताना ते 'मांडतात'. 'दुकान' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याचा एक जुना अर्थ बसण्याचा ओटा असा आहे. म्हणजे ओटा आला, त्यावर माल मांडला की झाले दुकान! आपला पसरकारही पुढ्यात पसारा घालूनच बसलेला असतो. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेते आणि मग पैशांनी, हे आपल्या बाजाराला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पाहा. मिरचीचे ढीग, चोरीसाच्या माळा, लोंबणारे केळ्यांचे घड. चवथीच्या आदल्या दिवसांत माटोळीचे सामान विकणारे फळांचे घोस बांधून ठेवतात, तेव्हा गिऱ्हाइकाला ते बाजारात दिसतच नाहीत. ते घरच्या गणपतीवर टांगलेले दिसतात. मांडणी म्हणतात ती हीच. वस्तू घरात कशी दिसेल, हे बाजारातच दाखवणे.

पुढे पेढ्या आणि मोठी दुकाने आली आणि माल कपाटात गेला. मागितल्याशिवाय काही दिसेना. विलायतेतही तीच तऱ्हा होती. 1909 साली गॉर्डन सेल्फ्रिज यांनी लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटले. दर्शनी काचा सजवल्या आणि आतला माल लोकांनी हाताळून पाहावा असा उघडा ठेवला. त्याची वाहवा झाली. पण विचार केला तर आठवडी बाजारात जे चालत होते, तेच छपराखाली आणले गेले होते.

हे सारे सांगण्याचे कारण हस्तकला. तिचे जगणे-मरणे बऱ्याच अंशी मांडणीवर अवलंबून आहे. एक उदाहरण थोडे दूरचे घेऊ. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात नागपूर-हैदराबाद महामार्गावर नेरडीगोंडा हे मंडलाचे गाव आहे. मराठी बोलणारे लोक या जिल्ह्यात पुष्कळ. कुंतालाचा धबधबा पाहायला जाणारे येथूनच वळतात. हाच रस्ता दक्षिणेला निर्मळला जातो. 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. तेथील नक्काशांची लाकडी खेळणी आणि चित्रे प्रसिद्ध आहेत. पुनिकी नावाचे अगदी हलके लाकूड कोरतात, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि मग रंग चढवतात. फळे तर अशी हुबेहूब की हात आपोआप पुढे जातो.

या नक्काशांची एक कथा सांगतात. निजाम निर्मळला आला तेव्हा त्याच्या आसनावर केळफूल टांगले होते. ते उमलले आणि सोनेरी तंतूंचा वर्षाव झाला. खरे-खोटे असो; पण नेमके गिऱ्हाईक, नेमकी जागा आणि नेमका क्षण साधणारी मांडणी यापेक्षा वेगळी ती काय?

आता निजाम येत नाही, मोटारी येतात. ताशी 80 किलोमीटर वेगाची मोटार तीन सेकंदांत 65 मीटरहून अधिक पुढे जाते. एवढ्यात वीतभर पोपट कोणाला दिसणार? रस्त्यावरून दिसायला एकच मोठी, ठसठशीत वस्तू हवी. आणि थांबलेल्या माणसाला आत गेल्यावर शंभर खेळणी दाटीने भरलेले काचेचे कपाट नको, तर हातात घेता येतील अशी चारच हवीत. लाकडी आंबा खरा वाटून उचलावा आणि तो हलका लागताच हसू यावे, यातच त्याची निम्मी विक्री आहे. काचेआड ती मजा मरते.

आपल्या शेजारच्या सावंतवाडीचा प्रश्न तोच. चितारआळीची लाकडी फळे आपण लहानपणापासून पाहत आलो. गंजिफा मात्र जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती कला सावरली आणि राजवाड्यात कारागिरांना जागा दिली. पाहुण्याला तिथे तयार पत्त्याबरोबर तो रंगवणारा हातही दिसतो. एवढ्याशा गोल पत्त्याला एवढे पैसे का, हे मग कोणाला विचारावे लागत नाही.

उलट, सरकारी छापाची कितीतरी विक्रीकेंद्रे आठवा. कपाटाला कुलूप, किल्लीवाला जेवायला गेलेला, वस्तूवर किंमत नाही. भिडस्त माणूस किंमत विचारतच नाही. विचारले म्हणजे घ्यावे लागेल, या धास्तीने तो नुसता फेरी मारून निघतो. मी सरकारी कारकून असल्याने हे कुलूप चांगले ओळखतो! मालाच्या नोंदवहीला ते सोयीचे असते, मालाला नव्हे.

यावर फार खर्चही लागत नाही. खेळणी मुलांच्या उंचीवर ठेवावीत. किंमत स्पष्ट लिहावी. न रंगवलेला, अर्धा कोरलेला एक तुकडा तयार वस्तूशेजारी ठेवावा. करणाऱ्याचे आणि गावाचे नाव लावावे. प्लास्टिकच्या खेळण्याशी किमतीत लाकूड कधीच जिंकणार नाही. ते जिंकेल ते हाताच्या कामावर, आणि ते काम दिसले तरच. निर्मळ असो की सावंतवाडी, पुढची पिढी हातात पटाशी घेणार की नाही, हे त्या फळीवर काय मांडले आहे यावरही ठरणार आहे.