सीमा सरकली, माणसाला कुणी विचारले? डांग, उकाई आणि खानदेशची जमीन

भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूरला येते. या स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचे कार्यालय गुजरातेत. फलाटावरचे एक बाकडे तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. ही रेघ कशी पडली आणि ती पडताना कुणाला विचारले गेले, हे मात्र आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आज रशिया आणि युक्रेन यांच्या युद्धाच्या बातम्या आपण वाचतो. भाषा जवळची, इतिहास गुंतलेला, तरी एवढे वैर का, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर शोधायला आपल्या खानदेशचा इतिहास उपयोगी पडतो. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

डांग : भाषा कुणाची?

साक्री आणि नवापूर तालुक्यांना लागून डांगचे जंगल सुरू होते. एकोणिसाव्या शतकात भिल्ल राजांच्या या मुलखाचा कारभार इंग्रजांनी खानदेशच्या कलेक्टरकडे दिला होता. पुढे तो सुरतेकडे गेला. स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतांची मागणी जोरात आली आणि डांग मराठी की गुजराती, हा वाद पेटला. १९४९ मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि डांग गुजराती असल्याचे जाहीर केले. खेर स्वतः मराठी भाषक. महाराष्ट्रात यावर संतापाची लाट उसळली.

डांगी माणूस घरात काय बोलतो, याचा निर्णय असा दोन मोठ्या भाषांच्या पुढाऱ्यांनी केला. प्रत्यक्षात डांगी ही अहिराणीची सख्खी बहीण. अहिराणीत आपण 'शे' म्हणतो, ते मराठीच्या 'आहे'पेक्षा गुजरातीच्या 'छे'ला जवळचे. पण म्हणून अहिराणी बोलणारा गुजराती ठरत नाही. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ मध्येच खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात जागा दिली होती. भारताच्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून नोंदली जाते, आणि तिच्याखाली अहिराणीबरोबर डांगीही येते. म्हणजे दोन्ही बाजूंचा दावा अपुरा होता.

१५६ गावे आणि एक धरण

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. डांग गुजरातला गेला. ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील ५० गावे गेली. त्याशिवाय पश्चिम खानदेश, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील १५६ गावेही गेली. आज गुजरातमधील उच्छल, निझर, कुकरमुंडा या भागात गेलात तर बाजारात मराठी आणि अहिराणी कानावर पडते, ती यामुळे.

ही गावे देताना भाषेपेक्षा तापीचा हिशेब मोठा होता. उकाईला धरण व्हायचे होते आणि त्याचे बुडीत क्षेत्र एकाच राज्यात असणे सोयीचे होते. धरण १९७२ साली पूर्ण झाले. पाण्याखाली गेली ती मुख्यतः भिल्ल, गावित, वसावे अशा आदिवासींची शेते. एका पिढीत त्यांचे राज्य बदलले, शाळेची भाषा बदलली आणि शेवटी गावच गेले. संयुक्त महाराष्ट्राचा लढा आपल्याला अभिमानाचा आहे, पण त्या विजयाच्या कथेत ही गावे क्वचितच येतात.

संविधानाच्या कलम ३ नुसार राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. त्याआधी संबंधित राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते. सीमेवरच्या गावाचे मत घेण्याची तरतूद तिथे नाही.

युक्रेनमध्ये काय झाले

रशियाच्या झारशाहीने १८६३ आणि १८७६ च्या आदेशांनी युक्रेनी भाषेतील छपाईवर बंधने घातली. युक्रेनी ही वेगळी भाषा नाहीच, अशी भूमिका त्यामागे होती. युक्रेनची काळी माती जगातील सर्वात कसदार मातींपैकी एक. तरी १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या सक्तीच्या धान्यवसुलीने तिथे लाखो शेतकरी उपाशी मेले. १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. तरीही जुलै २०२१ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी हे एकच लोक आहेत, असा लेख लिहिला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सैन्य घुसले. 'तुम्ही आमचेच' हे वाक्य प्रेमाचे वाटते; जमिनीवर हक्क सांगायला ते वापरले की त्याचा अर्थ फिरतो.

क्रिमियाची गोष्ट डांगच्या आणखी जवळची. तिथले मूळ रहिवासी तातार. मे १९४४ मध्ये त्यांना, सुमारे दोन लाख माणसांना, मध्य आशियात हद्दपार केले गेले. १९५४ मध्ये सोव्हिएत सरकारने क्रिमिया रशियाकडून युक्रेनकडे दिला. २०१४ मध्ये रशियाने तो बळाने घेतला. १९५४ च्या निर्णयावेळी तातार बोलायला तिथे नव्हतेच.

दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडे सीमा संसदेच्या कायद्याने बदलली, रणगाड्यांनी नाही. ही संविधानाची कमाई आहे.

बाबासाहेबांचा इशारा

बाबासाहेबांनी १९५५ च्या 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या पुस्तकात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले. त्यातील मध्य महाराष्ट्रात त्यांनी डांग, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश घातले होते. पण ते सीमा आखून थांबले नाहीत. भाषावार राज्यात सत्ता कुणाच्या हाती जाईल, हा त्यांचा खरा प्रश्न होता. गावची जमीन एका मोठ्या जातीकडे असते आणि लहान समाज तिच्यावर अवलंबून जगतात, म्हणून अल्पसंख्याकांना संरक्षण हवे, असे त्यांनी मांडले.

पुढची वर्षे याची साक्ष देतात. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये खानदेश आणि मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पड जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर गेला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्यात १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासींच्या गेलेल्या जमिनींसाठी लढा उभारला. १९७४ मध्ये आदिवासींना जमीन परत देण्याचा कायदा झाला. या लढ्यांत समोरचा जमीनदारही मराठी राज्याचाच नागरिक होता. राज्य आपल्या भाषेचे झाले, पण सातबाऱ्यावरचे नाव त्यामुळे बदलले नाही.

रोहिणीचा धडा

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलियांच्या भांडणात दाखवले. दोन्ही नातेवाईक कुळे, आणि वाद रोहिणीच्या पाण्याचा. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी वाद मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. बहुमताने तो फेटाळला.

आज त्या प्रस्तावाच्या जवळ जाणारे एक साधन आपल्या हाती आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक केली. जळगावमधील चोपडा, यावल, रावेर आणि धुळ्यातील साक्री, शिरपूर या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्याला दावा करता येतो.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना सांगणे आहे : आपल्या तालुक्यातील अनुसूचित गावांची यादी मिळवा. ग्रामसभेच्या दिवशी आदिवासी बांधवांसोबत उभे राहा. त्यांच्या पाड्यावर त्यांची भाषा ऐका, आणि तिला कुणाची बोली ठरवायच्या आधी तिचे नाव त्यांनाच विचारा.