आधी धडा, मग सुई

1917 साली कार्ल लॅशली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांना कुचल्यातलं विष, म्हणजे स्ट्रिक्नीन, अगदी थोडं टोचून भूलभुलैयात सोडलं. ते वाट लवकर शिकले. पण आठवण सुधारली, की नुसती नजर तल्लख आणि पाय चपळ झाले? औषध आधी दिलं की ही शंका फिटत नाही.

चाळीसएक वर्षांनी बर्कलीत जेम्स मॅगॉ या तरुण संशोधकाने क्रम उलटा केला. धडा आधी, सुई नंतर. शिकताना उंदराच्या अंगात औषध नसतं आणि परीक्षेच्या दिवशी ते उतरलेलं असतं. तरीही फरक दिसला, तर तो आठवण पक्की होण्याच्या मधल्या काळातलाच. आठवण मुरायला वेळ लागतो, हे गॉटिंगेनच्या म्युलर आणि पिल्झेकर यांनी 1900 सालीच मांडलं होतं. ते तपासायची रीत आता मिळाली. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती मेंदूविज्ञानात मला दुसरी दिसत नाही.

भूलभुलैयाला मात्र फेऱ्या फार लागत. मग ‘नंतर’ कुठून मोजायचं? 1967 मध्ये मरे जार्विक आणि कॉप यांनी एकाच धड्याची सुधारित पेटी मांडली. एक खण उजेडाचा, एक अंधाराचा. उंदराला अंधार प्रिय. तो लगेच आत शिरतो आणि पायांना विजेचा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडात ठेवायचं आणि तो दाराशी किती सेकंद थबकतो ते मोजायचं. जनावराला एकदाच त्रास आणि आठवणीचं माप थेट घड्याळावर.

याच रीतीने 1975 मध्ये पॉल गोल्ड आणि व्हॅन बस्कर्क यांनी सौम्य झटक्यानंतर लगेच ॲड्रेनॅलिन टोचलं. उंदीर दुसऱ्या दिवशी कितीतरी जास्त थबकले. सुईला उशीर होईल तसा परिणाम ओसरला. मात्रा फार वाढवली तरीही लाभ गेला. गंमत म्हणजे ॲड्रेनॅलिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. त्याची वर्दी व्हेगस चेतातंतूमार्फत पोचते आणि मेंदूच्या अमिग्डाला या भागात नॉरॲड्रेनॅलिन स्रवतं. ते टिपणारे तिथले बीटा ग्राहक औषधाने अडवले की ॲड्रेनॅलिनचा लाभ नाहीसा होतो.

1994 मध्ये लॅरी केहिल, मॅगॉ आणि सहकाऱ्यांनी माणसांना हेच बीटा ग्राहक अडवणारं, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल देऊन अपघाताची गोष्ट चित्रांसह सांगितली. आठवड्याने विचारलं, तेव्हा त्यांना गोष्टीतला हृदयद्रावक भाग इतर भागांपेक्षा अधिक आठवत नव्हता.