पुनःप्रारंभाचा प्रश्न : विद्युत्-परिवर्तकांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

विद्युत्-परिवर्तकांचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीने सांगितला जातो. १९०२ मध्ये पीटर कूपर ह्युइट यांचा पाऱ्याचा एकदिशकारक, १९३३ मध्ये स्लेपियन व लुडविग यांचा इग्नायट्रॉन, १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा थायरिस्टर, अशी ही मालिका आहे. यंत्र कोणत्या तत्त्वावर चालते हे तीवरून कळते. परंतु बंद पडलेले यंत्र दुरुस्तीनंतरही पुन्हा चालू का होत नाही, या प्रश्नाला तीत स्थान नसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, चालू होण्याची व्यवस्था आणि चालू राहण्याची व्यवस्था या दोन्ही परिवर्तकांत बहुधा भिन्न राहिल्या आहेत. ही भिन्नता ध्यानात न घेतल्यास बिघाडाचे निदान चुकते, आणि बिघाडाचा इतिहासही चुकतो.

ह्युइट यांच्या निर्वात काचपात्रात तळाशी साचलेला पारा हे ऋणाग्र असे व वरच्या भुजांत धनाग्रे असत. पाऱ्याच्या पृष्ठभागावर एक तेजस्वी बिंदू निर्माण झाला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत व प्रवाह एकाच दिशेने वाहू लागे. हा बिंदू प्रवाहाने टिके. पण प्रवाह वाहण्यासाठी बिंदू आधी हवा. हे चक्र बाहेरूनच भेदावे लागे. पात्र किंचित कलवून पारा प्रारंभक अग्राला भिडवीत व लगेच सरळ करीत. पाऱ्याचा दुवा तुटताना ठिणगी पडे आणि बिंदू जन्मास येई. पुढे हे काम विद्युत्-चुंबकाने हलणाऱ्या अग्राकडे आले. प्रवाह काही अँपिअरांच्या खाली उतरला की बिंदू विझे, म्हणून तो तेवत ठेवण्यासाठी लहान साहाय्यक धनाग्रांची योजना झाली. आता असे समजा की, प्रारंभक अग्राचे वेटोळे केव्हातरी जळाले आहे. तेवत असलेल्या प्रज्योतीला त्याची गरजच नसल्यामुळे यंत्र निर्वेध चालू राहील. दोष उघड होईल तो काही काळाने, यंत्र अन्य कारणाने थांबवून पुन्हा सुरू करू पाहिल्यावर.

इग्नायट्रॉनमध्ये हे नाते पालटले. तेथे पाऱ्यात बुडालेल्या अर्धवाहक कांडीने प्रत्येक आवर्तनात प्रज्योत नव्याने पेटवावयाची असे. म्हणजे ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर सेकंदास ५० वेळा. कांडीला पारा चिकटून तिचा रोध घटला, तर प्रज्वलन तत्क्षणी चुकू लागे. प्रारंभ हाच नित्यक्रम झाल्यामुळे त्यातील दोषाला लपावयास जागा उरली नाही. १९५४ मध्ये स्वीडनच्या मुख्य भूमीवरून गॉटलंड बेटाला १०० किलोव्होल्ट एकदिश दाबाने वीज देणारी योजना सुरू झाली, तीत पाऱ्याच्या झडपा होत्या. अशा परिवर्तकाला बेटाकडील जाळ्यात प्रत्यावर्ती दाब आधीच असावा लागतो. सर्वस्वी निष्प्राण झालेले जाळे तो एकटा जागवू शकत नाही. प्रारंभाचे साधन येथे यंत्राच्या बाहेरच गेले होते.

१९७० नंतरच्या दशकांत संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादींत स्विच-मोड पुरवठा रूढ झाला, आणि जुना प्रश्न लहान आकारात परत आला. यूसी ३८४२ या परिचित नियंत्रक चिपचे उदाहरण घेऊ. चालू स्थितीत तिला वीज मिळते ती रोहित्राच्या साहाय्यक गुंडाळीतून. आणि त्या गुंडाळीत दाब येतो तो चिपने स्विच चालविल्यावरच. म्हणून २३० व्होल्टच्या पुरवठ्यापासून मिळणाऱ्या सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाबावरून एक मोठा रोधक लहान धारित्राला हळूहळू भारित करतो. दाब १६ व्होल्टवर गेला की चिप जागी होते. १० व्होल्टखाली उतरला की झोपते. रोधक दीड लाख ओहमचा असेल, तर सुमारे २ मिलिअँपिअर मिळतात, व १०० मायक्रोफॅरडचे धारित्र पाऊण-एक सेकंदात भारित होते. जागी झालेली चिप १५ मिलिअँपिअर घेते असे धरल्यास धारित्र तिला सुमारे ४० मिलिसेकंद पोसते. तेवढ्यात साहाय्यक गुंडाळीने भार उचलला पाहिजे. उष्णतेने सुकून धारित्र ५ मायक्रोफॅरडवर आले असेल, तर ही मुदत २ मिलिसेकंद उरते. असा संच वर्षानुवर्षे अखंड चालतो, आणि एका रात्री वीज गेल्यावर पुन्हा उठत नाही.

स्विचचे काम करणारा मॉस्फेट जळतो तेव्हा प्रकरण अधिक गुंतते. मॉस्फेट व वितळतार बदलूनही संच मूक राहतो. कारण मॉस्फेट फुटताना सोर्सकडील रोधक तुटलेला असतो, किंवा गेटच्या वाटेने उच्च दाब चिपपर्यंत गेलेला असतो. अशा वेळी वितळतारेच्या जागी विजेचा दिवा एकसरीत जोडावा, मुख्य धारित्रावर ३२५ व्होल्टच्या आसपास दाब आहे हे पाहावे, आणि मग चिपच्या पुरवठ्याचा दाब मोजावा. तो शून्य असल्यास प्रारंभक रोधक तुटला आहे, किंवा चिप वा धारित्र लघुमंडलित झाले आहे. तो १६ व्होल्टच्या खाली स्थिर असल्यास गळके धारित्र, वाढलेला रोध किंवा दुखावलेली चिप यांचा संशय घ्यावा. तो १० व १६ यांच्यामध्ये वरखाली झुलत असेल, तर चिप बहुधा जिवंत आहे. दोष सुकलेल्या धारित्रात, साहाय्यक गुंडाळीच्या डायोडात, दुय्यम बाजूच्या लघुमंडलात किंवा सोर्सकडील तुटक्या रोधकात शोधावा. प्रत्येक चाचणीपूर्वी पुरवठा तोडून मुख्य धारित्र रोधकातून रिकामे करणे अनिवार्य होय. त्यातील भार प्राणघातक असू शकतो.

या विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. दुरुस्तीच्या नोंदवहीत बिघाडाची म्हणून जी तारीख लिहिलेली असते, ती पुष्कळदा दोष उघड होण्याची तारीख असते, दोष उद्‌भवण्याची नव्हे. शेवटची घटना, म्हणजे वीज जाणे किंवा मॉस्फेट जळणे, डोळ्यांत भरते व तिलाच कारण मानले जाते. अशा नोंदी जशाच्या तशा स्वीकारून एखाद्या यंत्राच्या विश्वसनीयतेचा इतिहास लिहिल्यास, ज्या यंत्रांना क्वचितच थांबावे लागले ती निर्दोष ठरतील, आणि जी रोज थांबून रोज सुरू झाली त्यांच्या माथी अकारण दोष येईल. नोंदवही वाचताना म्हणून प्रथम हे विचारावे की, हे यंत्र याआधी शेवटचे सुरू झाले होते केव्हा? त्या दिवसापासून बिघाडाच्या दिवसापर्यंतचा काळ हाच खरा संशयित काळ होय.